आधी कूलिंग, मग रीमॅप : ट्रॅकवर टर्बो गाड्या चालवणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
कार उत्पादक, परिवहन विभाग आणि ट्रॅक डेचे आयोजक

आम्ही पुणे, मुंबई, नाशिक आणि कोल्हापूरकडचे गाडीवेडे. आठवडाभर ज्या गाडीने कामावर जातो, तीच गाडी घेऊन कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर उतरतो. वेगाची हौस रस्त्यावर नको, बंदिस्त ट्रॅकवरच भागवावी, ही आमच्या संघटनेची भूमिका आहे. बहुतेक सभासदांकडे पोलो, आय-ट्वेंटी एन लाइन, ऑक्टाविया आरएस अशा टर्बो पेट्रोल गाड्या आहेत. या गाड्यांना ट्रॅकवर ताकद कमी पडत नाही. त्या तापतात, आणि आमच्या सगळ्या मागण्या तिथूनच निघतात.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर 40 अंश असताना एक बार बूस्ट दिला, तर अगदी आदर्श कॉम्प्रेसरमधूनही हवा 108 अंशांवर बाहेर पडते. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली, तर आकडा 138 पर्यंत जातो. इंटरकूलरने ती हवा 50 अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे पाव पट जास्त हवा जाते. इंटरकूलर स्वतःच तापून बसला की गरम हवा तशीच आत जाते, नॉकिंग टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इग्निशन मागे घेतो आणि ताकद वाढवायला त्याच्या रीमॅपवर खर्च केलेले पैसे तिसऱ्या-चौथ्या लॅपमध्ये वाया जातात. शहरात दोन सिग्नलांच्या मध्ये फुल थ्रॉटल काही सेकंदच मिळतो. नंतर गाडीला सावरायला वेळ असतो. ट्रॅकवर ती उसंत मिळत नाही. करीचा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, वळणे जवळजवळ. वेग कमी म्हणून रेडिएटरवर वारा कमी, पण इंजिनाचा जोर मात्र पूर्ण लागलेला.

म्हणून कार उत्पादकांकडे पहिली मागणी : टर्बो गाड्यांसाठी कंपनीनेच तपासलेले कूलिंग किट पर्याय म्हणून विकावे. त्यात मोठा रेडिएटर, थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर आणि जास्त क्षमतेचा इंटरकूलर असावा. 1.0 टीएसआयसारख्या इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो आणि त्याला वेगळ्या सर्किटचे पाणी थंड करते. तिथे पुढे मोठा कोअर लावून काम भागत नाही. त्या सर्किटचा छोटा रेडिएटर आणि पंप वाढवावा लागतो. हे गणित कंपनीच्या इंजिनिअरांना ठाऊक आहे. गॅरेजवाल्याला ते अंदाजाने करावे लागते.

मोठा कोअर म्हणजे सगळे झाले, असेही आम्ही मानत नाही. कोअर जाड केला तरी मागच्या थरापर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. बंपर आणि रेडिएटर यांच्यामधली फट फोमने बंद केली, वारा कोअरमधूनच जाईल अशी वाट करून दिली, तर कमी खर्चात जास्त फरक पडतो. किटमध्ये हे डक्टिंग असलेच पाहिजे.

दुसरी मागणी डॅशबोर्डवरच्या काट्याबद्दल आहे आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बऱ्याच गाड्यांत कूलंटचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. ओबीडीला जोडलेल्या फोनवर कूलंट 80 वरून 105 पर्यंत चढताना दिसतो आणि काटा मात्र मधोमध, 90 वर, ढिम्म. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. रोजच्या चालकाला उगाच घाबरवू नये हा हेतू समजतो, पण कूलंट, ऑइल आणि इनटेक हवेचे खरे तापमान आकड्यांत दाखवणारी स्क्रीन सॉफ्टवेअर अपडेटने देता येईल. सेन्सर बहुतेक गाड्यांत आहेतच.

वॉरंटीबाबत एवढेच : कूलिंग वाढवले म्हणून पॉवर विंडोचा क्लेम नाकारला जाऊ नये. बिघाड त्या बदलामुळेच झाला, हे कंपनीने लेखी दाखवावे.

परिवहन विभागाकडे आमची मागणी स्पष्टीकरणाची आहे. मोटर वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करू नये. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, रंग, इंधन, क्युबिक कपॅसिटी असते. रेडिएटरचा आकार नसतो. मग ट्रॅकवरून परतताना महामार्गावर अडवलेल्या सभासदाने काय दाखवायचे? प्रदूषण, आवाज आणि अश्वशक्ती यांना धक्का न लावणारे कूलिंगचे सुटे भाग कलम 52 च्या कक्षेत येत नाहीत, असे परिपत्रक विभागाने काढावे. सोबत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने (एआरएआय) अशा भागांसाठी दाबचाचणी आणि कंपनचाचणीचा ऐच्छिक दर्जा ठरवावा, म्हणजे स्वस्त, गळके रेडिएटर बाजारातून आपोआप बाजूला पडतील.

आयोजकांनी तांत्रिक तपासणीत हेल्मेट आणि टायरइतकेच रेडिएटरकडे पाहावे. मूळ रेडिएटरला दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, अॅल्युमिनियमच्या कोअरवर दुमडून बसवलेल्या. गळतीची पहिली खूण त्या दुमडीवर दिसते : गुलाबीसर पांढरी, वाळलेली खपली. टॉर्च लावून पाहायला मिनिट लागत नाही. हातपंपाने झाकणाचीही दाबचाचणी व्हावी. 1.4 बारचे झाकण धड असेल तर साधे पाणीसुद्धा 126 अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग ढिली झाली की शंभराच्या जरा वर. एवढ्याशा झाकणापायी हेड गॅस्केट जाते.

कूलंटचाही नियम हवा. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले की पाण्यासारखे वाळून जात नाही, निसरडा थर राहतो, आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलस्वाराचा जीव टांगणीला लागतो. आपल्याकडच्या ट्रॅकवर पाणी गोठण्याची चिंता नाही. तेव्हा डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव चालेल, असे आयोजकांनी जाहीर करावे, आणि ओव्हरफ्लोसाठी कॅच कॅन सक्तीचा करावा. सत्र पंधरा मिनिटांचे असावे. शेवटची लॅप बूस्ट न देता, वरच्या गिअरमध्ये कूल-डाउनची असावी आणि ती न करणाऱ्याला पुढच्या सत्रात सोडू नये. पॅडॉकमध्ये सावली हवी, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका अशी मराठी, हिंदी, तमीळमध्ये मोठी पाटी. वाफेने भाजलेला हात आमच्यातल्या अनेकांनी जवळून पाहिला आहे.

आमच्या बाजूने आम्ही बांधील आहोत. कूलिंग पुरेसे असल्याची नोंद दाखवल्याशिवाय कोणताही सभासद रीमॅप केलेली गाडी आमच्या नावाने ट्रॅकवर आणणार नाही. प्रत्येक सत्रातले कूलंट, ऑइल आणि इनटेक हवेचे तापमान आम्ही नोंदवू आणि ते आकडे उत्पादकांना, आयोजकांना आणि एआरएआयला विनामूल्य देऊ. उन्हाळ्यातले ट्रॅक डे सुरू होण्याआधी प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर मिळावे. जी मागणी मान्य नसेल तिचे तांत्रिक कारणही द्यावे. चर्चेसाठी आमचे प्रतिनिधी गाड्या आणि नोंदी घेऊन येतील.