डो-रे-मीचा जन्मदाखला

'सा रे ग म' इथून निघालं, अरबस्तानमार्गे इटलीत पोचलं आणि तिथल्या एका मठवासी गायकानं त्याचं 'डो रे मी' केलं, हे विधान मी मैफलींच्या निवेदनांत ऐकलं आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलं आहे आणि एकदा तर पाश्चात्त्य संगीतावरच्या व्याख्यानाच्या प्रास्ताविकातही ऐकलं आहे. दर वेळी टाळ्या पडतात. हे विधान चुकीचं आहे. पण माझी तक्रार तेवढीच नाही. या टाळ्यांचा तोटा युरोपला होत नाही, आपल्याला होतो, आणि तो कसा होतो हे मला सांगायचं आहे.

गंमत अशी की हा अभिमान मुळात आपला नाहीच. तो १९व्या शतकातल्या जर्मन प्राच्यविद्या पंडितांकडून आलेला आहे. आल्ब्रेख्त वेबरच्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात तो नोंदलेला सापडतो. संस्कृत 'ग्राम', प्राकृत 'गाम' आणि युरोपातला 'गॅमा' या शब्दांच्या साम्यावर त्याची मोठी भिस्त होती. पण गॅमा हे ग्रीक लिपीतलं साधं 'ग' अक्षर आहे. मध्ययुगीन गायक स्वरांना लॅटिन अक्षरं देत. 'ए'च्या खाली आणखी एक स्वर हवा झाला तेव्हा वरच्या 'जी'शी घोटाळा नको म्हणून त्यांनी ग्रीक 'जी' वापरला. त्यात ग्रामही नाही आणि गामही नाही. दुसरीकडे, डो-रे-मी अरबी अक्षरांवरून आलं असाही एक जुना दावा आहे. म्हणजे बाळ एक आणि दाखले तीन.

आता बाळाकडेच पाहू. ग्विदो हा इटलीतला बेनेडिक्टाइन साधू. आधी तो पोंपोझाच्या मठात होता, पुढे आरेत्सोला आला. मुलांना स्तोत्रं शिकवणं हे त्याचं काम. १०३०च्या सुमारास मायकल नावाच्या गुरुबंधूला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपली युक्ती सांगितली आहे. सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या एका लॅटिन स्तोत्राच्या चालीत पहिले सहा खंड एकेक पायरी वरून सुरू होतात. त्या खंडांची सुरुवातीची अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. मुलांनी हे एक स्तोत्र पाठ केलं की सहा पायऱ्या त्यांच्या गळ्यात बसतात. अक्षरं आली कुठून, हे शोधायला अरबस्तानात जायला नको. शोधकर्त्यानं ते स्वतः लिहून ठेवलं आहे.

यात 'डो' नाही आणि 'सी'ही नाही. सातवं 'सी' १६व्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं आणि 'उत'चं 'डो' १७व्या शतकात झालं. सात स्वर उसने आणणाऱ्यानं एक वाटेत का टाकून द्यावा, याचं उत्तर दावेदारांकडे नाही. दोन्ही यादींत एकच अक्षर जुळतं, ते म्हणजे 'रे'.

'पण आपलं सरगम जुनं आहे!' जुनं आहेच. तमिळनाडूत कुडुमियानमलैच्या ७व्या शतकातल्या शिलालेखात स्वराक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. मतंगाच्या 'बृहद्देशी'त सरगम आहे. पण वयानं मोठा असलेला प्रत्येक माणूस आपला बाप नसतो.

इथवरचं भांडण तारखांचं झालं. खरा मुद्दा पुढेच आहे. ही दोन्ही नावं मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पेटी समोर घ्या. पांढरी एकपासून पांढरी सहापर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. तीन आणि चार यांच्यामध्येच तेवढी काळी पट्टी नाही. ती जागा म्हणजे ग्विदोचं 'मी-फा'. त्याच्या सहा अक्षरांत अर्ध्या स्वराचं अंतर फक्त तिथे येतं, बाकी सगळीकडे पूर्ण अंतर. न ऐकलेलं गाणं वाचताना मुलाची चूक नेमकी तिथेच व्हायची, म्हणून त्या जागेला कायमची नावं देऊन टाकली. चाल सहा पायऱ्यांबाहेर गेली की त्याच्या परंपरेतले गायक मध्येच अक्षरं बदलून नवा षट्क सुरू करत. त्यामुळे पांढरी सहा ही पट्टी एका षट्कात 'ला', दुसऱ्यात 'मी' आणि तिसऱ्यात 'रे' होते.

आपला सा असा वाटेत हलत नाही. तानपुरा लागला की मैफल संपेपर्यंत तो तिथेच. गंधार कोमल असो की शुद्ध, त्याचं नाव 'ग'च. आपलं अक्षर सांगतं की हा स्वर षड्जाचा कोण लागतो. ग्विदोचं अक्षर सांगतं की अर्धी पायरी आता किती जवळ आली. 'डो म्हणजे सा' असं म्हणून टाकलं की या दोन्ही गोष्टी एकदम झाकल्या जातात. कीबोर्डच्या क्लासला जाणारं पोर मग घरी गाण्याच्या रियाजाला बसतं आणि गोंधळतं. चूक त्याची नसते. सोपं करून सांगण्याच्या नादात आपण त्याला खोटं सांगितलेलं असतं.

हीच सवय आपल्या परिभाषेत उतरली आहे. पाश्चात्त्य 'मोड'ला आपण बिनदिक्कत थाट म्हणतो. थाट ही स्वरांची नुसती मांडणी, भातखंड्यांनी वर्गीकरणासाठी केलेली. थाट कुणी गात नाही. चर्चगायनातल्या आठ मोडांना मात्र शेवटचा ठरलेला स्वर होता, ज्यावर पाठ चालवायचा असा मुख्य स्वर होता, वरखाली जाण्याची मर्यादा होती. नाट्यशास्त्रातल्या जातींची न्यास, अंश, मंद्र, तार ही लक्षणं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. जवळचा शब्द घरात असताना आपण लांबचा वापरला, कारण स्वरांची यादी जुळली एवढंच आपण पाहिलं. 'हार्मनी'ला कुणी स्वरसंवाद म्हणतं, कुणी स्वरमेळ. पण 'संवादी' आणि 'मेळ' हे दोन्ही शब्द आपल्या शास्त्रात आधीच कामावर आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

पूर्वजांच्या नावांचा मोह युरोपलाही सुटला नव्हता. ९व्या शतकातल्या विद्वानांनी बोएथियस वाचून आपल्या मोडांना डोरियन, फ्रिजियन अशी ग्रीक नावं चिकटवली, तीही चुकीच्या जागी. ग्रीकांची डोरियन आणि मठातली डोरियन या दोन वेगळ्या स्वरमांडण्या आहेत. नाव थोरामोठ्यांचं घेतलं की विचार करायची गरज उरत नाही, हा अनुभव दोन्हीकडचा आहे.

'त्यांचं हार्मनीचं, आपलं मेलडीचं' हे वाक्यही याच माळेतलं. युरोपातलं चर्चगायन कित्येक शतकं एकाच सुरावटीचं होतं आणि ते तोंडी शिकवलं जात होतं. हिल्डेगार्ड फॉन बिंगेन ११७९ साली वारली. तिची गाणी एकसुरावटीचीच आहेत. दोन सुरावटी एकत्र गाण्याची रीत ९व्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथांत दिसू लागते आणि पॅरिसच्या नोत्रदाममध्ये पेरोतँ चार सुरावटींपर्यंत पोचतो तेव्हा १२वं शतक संपत आलेलं असतं. ही वाट आपण ऐकलीच नाही तर हार्मनी हा त्यांचा जन्मजात गुण वाटतो आणि मेलडी हा आपला.

मग खरं नातं कुठे आहे? ग्विदोनं चार ओळींवर सूर मांडायची रीत रुळवली. 'एफ'ची ओळ लाल, 'सी'ची पिवळी. जे शिकायला दहा वर्षं जात ते एका वर्षात, फार तर दोन वर्षांत येईल, असं त्यानं लिहिलं. पोंपोझातल्या सोबत्यांना ते रुचलं नाही आणि त्याला मठ सोडावा लागला. पोप जॉन एकोणिसावे यांनी मात्र त्याला रोमला बोलावून घेतलं. नऊशे वर्षांनी भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या, तेव्हा तोच प्रश्न उभा राहिला. जे गळ्यातून गळ्यात जातं ते कागदावर उतरवलं तर उरतं किती आणि सांडतं किती? ग्विदो आणि भातखंडे यांच्यात उसनवारी नाही, पण दोघांची अडचण एक आहे. तिच्यावर बोलायला दोन्ही परंपरा शिकाव्या लागतात. बाप ठरवायला काहीच शिकावं लागत नाही.

गोव्यात चर्चच्या गावशाळांमधून पिढ्यान् पिढ्या सोल्फा शिकवला गेला. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सरगमात विचार करणारा संगीतकार चाल सांगायचा आणि अँथनी गोन्साल्विस किंवा सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे लोक ती पाच ओळींवर उतरवायचे. त्या कामाला कुणाच्याच जन्मदाखल्याची गरज पडली नाही. दोन भाषा आहेत हे मान्य असलं की पुरे.

मराठीला तर शब्दही बाहेरून आणायला नकोत. आपला पेटीवाला सहज म्हणतो, 'काळी चारला सा धरा.' काळी चार ही पट्टी, सा हा स्वर. वाद्यावरची जागा वेगळी आणि नात्याचं नाव वेगळं, हा भेद त्याच्या जिभेवर आहे. ग्विदोचे विद्यार्थीही एकतारी मोनोकॉर्डच्या तारेखाली ए, बी, सी अशा खुणा मांडत आणि गळ्यासाठी उत, रे, मी म्हणत. पाश्चात्त्य संगीताची मराठी परिभाषा या पेटीवाल्याच्या वाक्यापासून सुरू करता येईल. ज्यासाठी शब्द नाही तिथे 'मोड', 'हार्मनी' हेच शब्द राहू द्यावेत. स्टेशन आणि टेबल जसे राहिले तसे तेही राहतील.

पुढच्या खेपेला निवेदक डो-रे-मीचा जन्मदाखला काढेल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा, 'मी' आणि 'फा' यांच्यामध्ये काळी पट्टी का नाही? उत्तर आलं तर जरूर वाजवा.