उन्हाळ्यातला डोंगर हिरवा कशाला करायचा?



फोटो एडिटिंगचा विषय निघाला की मला दोन प्रकारचे पालक भेटतात. एक म्हणतात, ती फसवणूकच, शाळेत कशाला शिकवता? दुसरे म्हणतात, ॲपमधलं ऑटो बटण दाबलं की झालं, त्यात शिकवायचं काय? मला दोन्ही पटत नाही.

आधी पहिल्यांचं बघू. कॅमेरा डोळ्यासारखं बघत नाही. भर दुपारी डोंगराचा फोटो काढा. डोंगर नीट आला तर आकाश पांढरंफटक येतं, आणि आकाश नीट आलं तर डोंगर काळा पडतो. आपल्या डोळ्यांना मात्र दोन्ही दिसत होतं. ही अडचण आजची नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे आकाशातले ढग उडून जायचे. मग तो काही चित्रांत समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन एकच चित्र छापायचा. म्हणजे फोटो सुधारणं हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं काम आहे.

पण सुधारणं कुठे संपतं आणि बदलणं कुठे सुरू होतं? नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. मग काय, कॉम्प्युटरवर पिरॅमिडच एकमेकांजवळ सरकवले! त्यावर बरीच टीका झाली. फोटोशॉप तर १९९० साली बाजारात आलं. आता तेच काम चौथीतलं पोर अंगठ्याने करतं.

आमच्या माण-खटावच्या पट्ट्यात मला हे फार जाणवतं. परिसर अभ्यासासाठी 'आपल्या गावाचा फोटो आणा' म्हटलं, तर एप्रिलमध्ये काढलेले डोंगर हिरवेगार होऊन येतात. एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, आपला डोंगर छान दिसत नाही ना." तिच्या डोक्यात छान म्हणजे सातारा जिल्ह्याच्याच पश्चिमेकडचं कास, ऑगस्ट-सप्टेंबरमधलं. दोष तिचा नाही. मोठ्यांच्या स्टेटसवर तिला तेच दिसतं. पण नववं-दहावं वर्ष लागताच स्वतःच्या गावाचा रंग लपवावासा वाटतो, हे मला साधं वाटत नाही.

म्हणून मी एडिटिंग शिकवावं म्हणते, आणि तेही हळूहळू. मोबाईलवर स्नॅपसीड फुकट आहे, शाळेच्या कॉम्प्युटरवर गिंप फुकट आहे. आधी क्षितिजाची रेघ सरळ करायची. मग कडेची विजेची तार, अर्धवट आलेली गाडी क्रॉप करायची. त्यानंतर हिस्टोग्राम. नाव मोठं आहे, पण तो स्तंभालेखच. डावीकडे ० म्हणजे काळा, उजवीकडे २५५ म्हणजे पांढरा, आणि कोणत्या उजेडाचे ठिपके किती, ते उंचीवरून कळतं. सगळा ढीग उजव्या भिंतीला चिकटला असेल, तर आकाशातला तपशील गेला. तो स्लायडर ओढून परत येत नाही, फोटोच सकाळी जाऊन पुन्हा काढावा लागतो. हे मुलांना फार आवडतं, कारण चूक दिसते आणि तिचं कारणही दिसतं.

आता तोच एप्रिलमधला डोंगर घ्या. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात काढा आणि सावल्या जरा उजळवून कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. काय दिसतं माहितीय? पाणी अडवायला खोदलेले सलग समतल चर! एकाखाली एक, वहीतल्या रेघांसारखे. वाळलेलं कुसळी गवत, मधेच एखादी बाभळ, पायथ्याला नांगरून ठेवलेलं रान. सगळं हिरवं केलं की सगळ्यात आधी पुसले जातात ते हे चर. ज्या चरांसाठी कुणाच्या आईबापांनी उन्हात घमेली वाहिली, तेच.

एक साधा नियम वर्गात ठेवता येतो. मूळ फोटो डिलीट करायचा नाही आणि आपण काय काय केलं ते चित्राखाली लिहायचं. उजेड, सावली, क्रॉप चालेल. ढग दुसरीकडून आणले, झाड काढलं किंवा गवताचा रंग बदलला, तर ते चित्र म्हणून लावा, चित्रकलेच्या फळ्यावर. परिसर अभ्यासाच्या वहीत नको.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलाला घेऊन एकाच जागी उभं राहून एकच डोंगर तीनदा टिपा: आत्ता, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीत. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावा. हिरवा कधी येतो आणि किती दिवस टिकतो, ते त्यालाच मोजू द्या.