खाचरातले रंगीत पाहुणे

मंडळी, पाणपक्ष्यांचे फोटो म्हटले की लोक ठाण्याच्या खाडीकडे धावतात. तिथले गुलाबी रोहित देखणे खरेच. खाडीतल्या शेवाळातून त्यांच्या अंगावर तो रंग चढतो, आणि २०१५ साली त्या जागेला अभयारण्यही केले. पण तुम्ही शहाड-टिटवाळ्याकडचे असाल, तर उल्हास नदीचा काठ आणि तुमचेच भाताचे खाचर काय वाईट आहे?

साधा ढोकरी बगळा पाहा. एरवी बांधावर बसला तर ढेकूळच वाटावे. पावसाळा आला की त्याची पाठ लालसर तपकिरी होते. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंभ मोडते म्हणून शिव्या खाते, पण सकाळच्या उन्हात तिची निळाई पाहावी! कमळपक्षी लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवर चालतो, जलपर्णीवरसुद्धा. शहाडजवळ नदीत ही जलपर्णी दाटते. फोटोत तो हिरवा गालिचा छान दिसतो, पण तो सांडपाण्यावर पोसलेला आहे, हे ध्यानात असू द्या.

सर्वांत नवलाचा रंगीत पाणलावा. यात मादी नटलेली, नर फिका. अंडी नर उबवतो, पिलेही तोच सांभाळतो. (कारभारणींनी हे घरधन्याला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.)

फोटो काढायला दिवस उगवल्यावरचा पहिला तास उत्तम. ऊन पाठीशी घ्या, मळके कपडे घाला, बांधाआड खाली बसा. पक्ष्यामागे धावू नका, त्याला जवळ येऊ द्या. चिखलणी चालू असताना बगळे माणसाला फारसे बुजत नाहीत. ही सोय शहरातल्या महागड्या कॅमेऱ्यालाही मिळत नाही.

घरट्याचा फोटो मात्र नको. पाणलाव्याची अंडी जमिनीवर, गवताच्या आडोशाला असतात. काही हौशी मंडळी अंडी नीट दिसावीत म्हणून ते गवत बाजूला सारतात. मग अंड्यांना ऊन लागते, आणि कावळ्याला आयतेच दिसते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने अंडी उचलणे हा गुन्हा आहे. गवत मोडणाऱ्याला मात्र बांधावरच्या मालकानेच हटकावे लागते. तुमच्या शेतात घरटे सापडले तर पाहुण्याला जागा दाखवू नका, आणि गवत कापताना तेवढा झुबका सोडा. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात. पिले बाहेर आली की लवकरच बापामागे चालू लागतात, मग बांध तुम्हाला मोकळा.