अश्वविद्या की अक्षविद्या?

नलोपाख्यानात एक मार्मिक प्रसंग आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा ऋतुपर्ण अयोध्येहून विदर्भाकडे निघाला आहे आणि सारथ्याच्या वेषातील नल त्याचा रथ हाकीत आहे. वाटेत दोघांचा करार होतो. ऋतुपर्णाने नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवावे. नलाने त्याला अश्वविद्या द्यावी. या दोन विद्या भिन्न होत्या म्हणूनच त्यांची देवघेव होऊ शकली. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सामान्यतः फेब्रुवारीच्या प्रारंभी जो 'इंडियन डर्बी'चा सोहळा भरतो, त्याच्या पुरस्कर्त्यांनी मात्र अक्षविद्येलाच अश्वविद्येचे नाव देऊन टाकले आहे.

ही शर्यत १९४३ साली सुरू झाली. इंग्लंडातील एप्सम येथे १७८० पासून चालत आलेल्या डर्बीचे हे अनुकरण होय. तेथे तीन वर्षांचे घोडे धावतात. येथे चार वर्षांचे, याच देशात जन्मलेले, २४०० मीटर धावतात. अवघ्या अडीच मिनिटांचा हा खेळ नेत्रसुखद आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आमचा वाद घोड्याशी नाही; त्याच्या नावाने चाललेल्या युक्तिवादाशी आहे.

अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. घोड्याची वंशावळ, त्याची मागील कामगिरी, जॉकीची योग्यता, पाठीवरील वजन, मैदानाची स्थिती यांचा अभ्यास करून पैज लावणारा मनुष्य नाणे उडविणाऱ्याहून निराळा आहे, हे खरे. परंतु या कौशल्याचे फळ येते कोठून? 'टोट'वर जमलेल्या पैशांतून कर व चालकांचा हिस्सा प्रथम वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे पैज लावणाऱ्या समुदायाच्या हाती, एकूण हिशेबात, घातले त्याहून कमीच परत येणार. दहा जाणत्यांची मिळकत शंभर अजाणत्यांच्या खिशातून आलेली असते. ज्या विद्येचा लाभ दुसऱ्याच्या अज्ञानावाचून होत नाही, तिचे एवढे गोडवे कशासाठी?

दुसरे समर्थन अश्वसंवर्धनाचे. शर्यतीमुळे उत्तम घोडे निपजतात, असे सांगतात. उत्तम कशासाठी? हा घोडा नांगराला चालत नाही, टांग्याला जुंपता येत नाही. शर्यतीसाठी घोडा हवा आणि घोड्यासाठी शर्यत हवी, असे हे वर्तुळ आहे. त्यातही हाडे पुरती भरण्यापूर्वीच, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, त्याला मैदानात उतरवितात. याला संवर्धन म्हणावयाचे असेल, तर पिळवणूक कशाला म्हणावे?

आमच्या सुशिक्षित वर्गाचे वर्तन तर अधिकच चमत्कारिक आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गल्लीतील मटक्यावर धाड पडली की आम्ही समाधान मानतो. त्याच कायद्याने परवानाप्राप्त मैदानाच्या आवारातील अश्वशर्यतीची पैज जुगारातून वगळली आहे, याचे आम्हाला काहीच वाटत नाही. दिवाळीत मुले पैसे लावून पत्ते खेळू लागली तर त्यांना धर्मराजाची गोष्ट सांगणारे गृहस्थ डर्बीच्या दिवशी उंची पोशाख करून सहकुटुंब सज्जात बसतात. दोष खेळात की खेळणाऱ्याच्या कपड्यांत?

शेकडो मोतद्दार, जॉकी आणि तबेल्यांतील नोकर यांची पोटे या धंद्यावर चालतात, हा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणून बंदीची मागणी आम्ही करीत नाही. आमची सूचना साधी आहे. एका वर्षी डर्बीच्या दिवशी पैजेच्या साऱ्या खिडक्या बंद ठेवाव्यात. घोडे तेच, जॉकी तेच, चषकही तोच असू द्यावा. त्या दिवशी मैदान भरले, तर आमचे म्हणणे आम्ही आनंदाने परत घेऊ. ओस पडले, तर निदान अश्वप्रेमाचे नाव तरी सोडून द्यावे.