काडीला मूळ फुटतें कसें?

जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठविण्याचा प्रसंग आज शहरांतील कितीतरी कुटुंबांवर येतो. देव, भांडीं, पुस्तकें नव्या जागेंत जातात. अंगणांतील मोगरा किंवा अनंत मात्र मागें राहतो, आणि ज्याचीं फुलें तीन पिढ्यांनीं देवाला वाहिलीं तें झाड कुदळीखालीं जातें. मोठें झाड मुळांसकट हलविणें हें घरगुती हातांचें काम नव्हे. परंतु त्याची वीतभर फांदी नेतां येते, व ती जगली तर तेंच झाड जगलें असें म्हणावयास हरकत नाहीं. बियाचें रोप आईबापांहून निराळें निपजूं शकतें. फांदी हा मूळ झाडाचाच अंश. प्रश्न एवढाच कीं, जिला मूळ कधीं नव्हतेंच त्या काडीला तें येतें कोठून?

ह्याचा उलगडा कोंबांपासून सुरू झाला. चार्लस डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गवताच्या कोवळ्या कोंबांवरील प्रयोग दिले आहेत. कोंब उजेडाकडे वळतो. पण त्याच्या शेंड्यावर टोपी घातली तर वळत नाहीं. वांकतो तो भाग खालीं, आणि उजेड ओळखतो तो वर! तेव्हां शेंड्याकडून खालीं कांहीं निरोप जात असला पाहिजे. हा निरोप्या हातीं लागला तो १९२६ सालीं, हॉलंडांतील उट्रेख्ट येथें. फ्रिट्स वेंट ह्या तरुणानें ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगरच्या वडीवर ठेविले, व मग ती नुसती वडी शेंडा छाटलेल्या दुसऱ्या कोंबावर एका बाजूस बसविली. (चायनाग्रास म्हणून गोड पदार्थासाठीं आपण जें आणतों तेंच हें अगर.) त्या बाजूची वाढ अधिक झाली व कोंब अंधारांतच वांकला. वडींत उतरलेल्या ह्या द्रव्यास ‘वाढणें’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑक्सिन असें नांव मिळालें. १९३४ सालीं त्याचें शुद्ध रूप वेगळें काढलें तें माणसाच्या मूत्रांतून. सोवळ्या मंडळींनीं येथें नाक मुरडूं नये.

पेशी ही पाण्यानें भरलेल्या पखालीसारखी असते. ऑक्सिनच्या योगानें पेशीभोंवतालची भिंत किंचित् आंबट होते, भिंतीचे बंध सैल पडतात, पाणी आंत शिरतें व पेशी लांबते. लांबविण्याचें बळ पाण्याचेंच; ऑक्सिन केवळ कडी काढतें. चमत्कार असा कीं, जेवढ्या ऑक्सिननें खोड लांबतें तेवढ्यानेंच मुळाची लांबी खुंटते. आणि तेंच ऑक्सिन खोडाच्या बुडाशीं सांचलें म्हणजे नव्या मुळ्यांना जन्म देतें.

कोवळीं पानें व डोळे हीं ऑक्सिनचीं कोठारें. तें तेथून शेंड्याकडून बुडाकडे असें एकाच दिशेनें उतरतें. फांदी तोडली कीं पुढची वाट बंद होते व तें कापल्या टोंकाशीं सांचूं लागतें. तेथें सालीच्या आंत, रसवाहिन्यांजवळ, स्वस्थ बसलेल्या पेशी पुन्हां विभागूं लागतात. त्यांतून मुळीचा अंकुर बनतो व साल फोडून बाहेर येतो. म्हणूनच काडी उलटी रोवूं नये, आणि सगळीं पानेंहि खुडूं नयेत. आपल्याकडील डाळिंबवाले गुटी बांधतात तिच्यांतलें मर्म हेंच. फांदीवरील सालीची अंगठी काढली म्हणजे वरून येणारें ऑक्सिन व साखर तेथेंच अडते, व मुळ्या जखमेच्या वरच्या ओठांतून फुटतात. त्या बागवानांना ऑक्सिनचें नांव ठाऊक असण्याची कांहींच गरज नव्हती.

बाजारांत मुळ्या फुटण्याची पूड मिळते. तींत बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल शंखजिऱ्यांत मिसळलेलें असतें. काडीचें ओलें बूड तींत टेकवून झटकावें, एवढेंच पुरें. हौशी मंडळी मूठभर पूड ओततात तें आमच्या मतें घातक आहे. जादा मात्रेनें डोळे फुटत नाहींत व बूड काळें पडतें. शेतांत तण मारण्यास वापरतात तें २,४-डी हेंहि कृत्रिम ऑक्सिनच होय, हें विसरूं नये.

जून झाडाच्या जुनाट लांकडाला मूळ सहसा धरत नाहीं. त्यापेक्षां बुंध्याजवळ फुटलेला नवा धुमारा घ्यावा. आंब्याच्या काडीचा नाद सोडावा. त्याचें कलमच बांधावें लागतें. इतर काड्या ओल्या वाळूंत, सावलींत, वर प्लास्टिकची पिशवी घालून ठेवाव्या, व मूळ आलें कीं नाहीं हें उपटून पाहण्याचा मोह मुलांनाहि आवरावयास सांगावा. वाडा पाडण्याचा दिवस ठरला असेल त्यापूर्वींचा एक पावसाळा ह्या कामास राखून ठेवावा. दहाबारा काड्या लावाव्या, आणि जगतील त्यांपैकीं एक दोन सासरीं गेलेल्या मुलींच्या घरीं पाठवाव्या.