गावठी पिल्लालाही घर हवं

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. वाहनाखाली सापडलेली कुत्री, मांज्याने पंख चिरलेले पक्षी तिथे उपचारांसाठी येतात. जखम भरते, पण पुढे जायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

अशा ठिकाणी ‘लॅब्रेडॉर’ला चटकन घर मिळतं. गावठी पिल्लू मात्र वाट पाहत मोठं होतं, आणि मोठ्या कुत्र्याला कुणी विचारत नाही. हा निव्वळ अन्याय आहे. इथल्या उन्हापावसाला सरावलेला हा प्राणी दाट केसांच्या हस्कीपेक्षा आपल्या घरात कितीतरी सुखाने राहतो.

हौस फिटली की विकत घेतलेलं जनावर रस्त्यावर सोडणारेही आहेत. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960च्या कायद्याने गुन्हा. पहिल्या वेळचा दंड? 10 ते 50 रुपये! कित्येक दशकं जुनी ही रक्कम संसदेने तातडीने बदलायला हवी.

तोवर एवढं करा. पिल्लू विकत घेण्याआधी जवळच्या निवारा केंद्रात जा, लसीकरण आणि नसबंदीची चौकशी करा, आणि घरातले सगळे राजी असतील तरच त्याला घरी आणा.