काटामारी : आकडा पडद्यावर, दोष मंचाखाली

उसाचा गाळप हंगाम जवळ आला की काटामारीच्या तक्रारी आणि भरारी पथके यांची चर्चा सुरू होते. कारखान्यांचे वजनकाटे ऑनलाइन जोडावेत, ही शेतकरी संघटनांची मागणी रास्तच आहे. परंतु मंचाखालीच चुकलेला आकडा ऑनलाइनही चुकलेलाच दिसणार.

वाहन ज्या मंचावर उभे राहते, त्याखाली साधारणतः सहा किंवा आठ लोडसेल असतात. भाराने पोलादाचा हा ठोकळा केसभराहूनही कमी दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यातून वजनाचा संदेश मिळतो. दहा व्होल्टचा पुरवठा असला, तरी पूर्ण क्षमतेच्या भाराला हा संदेश असतो जेमतेम २० ते ३० मिलिव्होल्टचा. केबलच्या सांध्यात पाणी शिरले, उंदरांनी वायर कुरतडली किंवा मातीचिपाडाने मंच अडकला, की तो बिघडलाच. प्रत्येक फरकामागे लबाडीच असते असे नव्हे. पण म्हणून शेतकऱ्याचे नुकसान कमी होत नाही. वीस टनांच्या ट्रकमागे एक टक्का फरक म्हणजे २०० किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला जाहीर झालेल्या टनाला ३,५५० रुपये या एफआरपीने ते ७१० रुपये होतात.

रिकामा काटा शून्य दाखवतो, हा पुरावा फारसा उपयोगाचा नाही. कळ दाबून शून्य आणता येते. शिवाय भरल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होत असल्याने स्थिर शून्यदोष आपोआप निघून जातो. खरा धोका आहे तो एखाद्या कोपऱ्यातील सेल कमी संदेश देऊ लागतो तेव्हा. ट्रकचा भार बहुतेक सर्व सेलवर विभागला जातो. बैलगाडी एका टोकाला उभी राहिली, तर तिचा जवळजवळ सगळा भार तिथल्या दोन-चार सेलवरच पडतो. ऊसतोड मजुराची मजुरीही टनावरच ठरते. म्हणजे अशा काट्याचा फटका दोघांनाही.

म्हणून तपासणीत प्रमाणित वजने, निदान तीच भरलेली गाडी, दोन्ही टोकांवर आणि मध्यभागी ठेवून आकडे ताडून पाहिले पाहिजेत. फरक आढळला, तर जंक्शन बॉक्स उघडून एकेक सेल सुटा करावा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध व भाराविना येणारे मिलिव्होल्ट मोजावेत. ओल शिरली असल्यास इन्सुलेशनच्या चाचणीत ते कळते. अॅनालॉग काट्यांच्या या पेटीत प्रत्येक सेलचा संदेश कमीअधिक करण्याची सोयही बहुधा असते. तेव्हा इंडिकेटरचे सील शाबूत आहे, एवढे पाहून पथकाने परतणे पुरेसे नाही. सील पेटीलाही हवे.

वैधमापनाच्या नियमांनुसार अशा काट्यांची पडताळणी वर्षातून एकदा होते आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मुद्रांकन करून घ्यावे लागते. हंगामात मात्र काटा रात्रंदिवस चालतो. सेल केव्हा बदलला, मुद्रांकन कोणत्या तारखेला झाले आणि कोपऱ्यांच्या शेवटच्या चाचणीत काय आकडे आले, हा तपशील काटाघराच्या दारावर लावण्यास कारखान्याला खर्च येतो तो एका फलकाचा. ऑनलाइन जोडणीच्या मागणीत ही ओळही घालायला हवी.